कम्पायलर बसवताना ‘परमिशन डिनाइड’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात पहिल्या वर्षाची सीची प्रॅक्टिकलं सुरू झाली की पहिले पंधरा दिवस लॅबमध्ये माझ्यापुढे एकच तक्रार येते: “सर, जीसीसी बसेना, परमिशन नाही म्हणतंय.” जीसीसी म्हणजे सीचा कम्पायलर, तुम्ही लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करून देणारा प्रोग्रॅम. कुणाचा राजारामपुरीतल्या रूमवरचा लॅपटॉप असतो, कुणी कागलहून एसटीनं येताना सगळं पेनड्राइव्हवर घेऊन आलेलं असतं, तर कुणाच्या घरी सगळ्यांत मिळून एकच कम्प्युटर असतो. कारणं वेगवेगळी असतात आणि पडद्यावरचा शब्द मात्र एकच. त्यामुळे मित्राला लागू पडलेला इलाज तुम्हाला लागू पडेलच असं नाही. म्हणून ही उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

आज्ञा मी वर्गात बोलतो तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीत, छोट्या लिपीत टाइप करायच्या. हायफन, स्लॅश, डॉट असं लिहिलंय तिथे ते चिन्ह टाकायचं.

लॅपटॉप माझा, पैसे बाबांनी भरले, मग मला परवानगी नाकारणारं हे कोण?

लॅपटॉप तुमचा आहे, पण त्यातली प्रत्येक फाइल आणि प्रत्येक फोल्डर कुणाच्या तरी नावावर चढवलेलं असतं. गावाकडच्या पोरांना मी सातबाऱ्याचं उदाहरण देतो आणि ते लगेच कळतं. गाव नमुना सातवर भोगवटादाराचं नाव असतं, बाजूला इतर अधिकार असतात. लिनक्समध्ये तोच उतारा काढायची आज्ञा म्हणजे ‘एलएस हायफन एल’. फोल्डरच्या आतल्या वस्तूंचा नको, खुद्द फोल्डरचाच उतारा हवा असेल तर ‘एलएस हायफन एलडी’ आणि पुढे फोल्डरचा पत्ता.

‘एलएस हायफन एलडी स्लॅश यूएसआर स्लॅश लोकल’ करून बघा. पहिलं अक्षर डी, म्हणजे ते फोल्डर आहे. पुढची तीन अक्षरं मालकाची, त्यापुढची तीन गटाची, शेवटची तीन बाकी सगळ्यांची. आर म्हणजे वाचायचा हक्क, डब्ल्यू म्हणजे लिहायचा, एक्स म्हणजे चालवायचा. मालकाच्या जागी बहुतेक मशीनवर ‘रूट’ दिसेल. रूट म्हणजे सिस्टीमचा कारभारी. तुम्ही तुमच्या नावानं लॉगिन झालात की या फोल्डरच्या बाबतीत ‘बाकी सगळे’ या रकान्यात मोडता, आणि त्या रकान्यात डब्ल्यू नाही. कम्पायलर तिथे आपल्या फाइली ठेवायला गेला आणि अडला, एवढंच झालंय.

फोल्डरच्या बाबतीत एक्सचा अर्थ वेगळा, आणि पोरं हमखास चुकतात ते इथेच. तिथे एक्स म्हणजे आत शिरायची वाट. तुमचं शेत तुमच्या नावावर असेल, पण तिथे जायची वाट दुसऱ्याच्या रानातून जात असेल आणि त्यानं ती अडवली, तर सातबारा हातात धरून तुम्ही बांधावरच उभे राहता. फाइलवर तुमचा पूर्ण हक्क आहे, पण वरच्या एखाद्या फोल्डरला एक्स नाही, तरीही परमिशन डिनाइडच येतं. ही अडलेली वाट शोधायला ‘नेमआय हायफन एल’ आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता द्या. वरपासून खालपर्यंत प्रत्येक फोल्डरचा मालक आणि हक्क एकाखाली एक छापून येतात.

एरर दोन पानभर आली. त्यातलं नेमकं काय वाचायचं?

पहिली चूक शोधा. शेवटची ओळ सोडून द्या. ‘मेक’ (सोर्स म्हणजे मूळ कोड घेऊन प्रोग्रॅम बांधणारी) ही आज्ञा शेवटी ‘एरर १’, ‘एरर २’ अशा ओळी टाकत बाहेर पडते, त्या नुसत्या परिणामाच्या ओळी असतात. वर सरकत जा आणि ‘डिनाइड’ किंवा ‘परमिटेड’ हा शब्द पहिल्यांदा कुठे आलाय ते बघा.

ती ओळ शेवटाकडून वाचायची. शेवटी कारण असतं, त्याआधी पत्ता, आणि सुरुवातीला कोणत्या प्रोग्रॅमला अडवलं त्याचं नाव. पत्ता कागदावर उतरवून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना चूक झालीय हे माहीत असतं, पण कोणत्या पत्त्यावर झाली हे त्यांनी पाहिलेलं नसतं. तो सापडला की निम्मं काम झालं.

कारणाचे शब्दही नीट बघा, कारण दिसायला सारखे असले तरी ते चार वेगळे आजार आहेत. लिनक्स प्रत्येकाला क्रमांक देतं. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे क्रमांक १३: हक्क नाही. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणजे क्रमांक १: ते कामच तुम्हाला करता येत नाही, किंवा त्या ड्राइव्हला ते जमत नाही. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टीम’ म्हणजे क्रमांक ३०: त्या ड्राइव्हवर सध्या कुणालाच लिहिता येत नाही, रूटलासुद्धा. आणि ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’, क्रमांक ११, हा परवानगीचा प्रश्नच नाही. दुसरं कुणीतरी ती वस्तू वापरतंय, थोडं थांबा.

उबुंटूवर ‘एपीटी इन्स्टॉल’ केलं तर लॉक फाइल उघडता येत नाही म्हणतं.

एपीटी म्हणजे उबुंटू या लिनक्समधली पॅकेज बसवायची आज्ञा. ओळीत १३ असेल तर तुम्ही सुडो लावायला विसरलात. सुडो म्हणजे पुढची आज्ञा रूटच्या अधिकारात चालवायला सांगणारा शब्द. ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’. या एका पॅकेजमध्ये जीसीसी, जी-प्लसप्लस, मेक आणि लागणाऱ्या हेडर फाइली सगळं येतं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटलं नाही तर घाबरू नका, अक्षरं जात असतात.

ओळीत ११ असेल, किंवा अमुक प्रोसेसनं लॉक धरलंय असं लिहिलं असेल, तर मशीन मागच्या बाजूला स्वतःचे अपडेट बसवत असतं. दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. लॉकची फाइल उडवून टाकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. तो ऐकू नका. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी पॅकेजच्या नोंदवहीत लिहायला लागले की ती नोंदवही बिघडते. इन्स्टॉल चालू असतानाच लाइट गेली असेल, तर ‘सुडो डीपीकेजी हायफन हायफन कॉन्फिगर हायफन ए’ चालवा, अर्धवट राहिलेलं काम ते पूर्ण करतं.

सुडो लावलं तर मी सुडोअर्स फाइलमध्ये नाही आणि या घटनेची नोंद होईल असं आलं. माझ्यावर काही कारवाई होणार का?

नाही. नोंद मशीनच्या लॉगमध्ये होते, पोलिसात नव्हे. तुमच्या खात्याला सुडोचा हक्क दिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मशीन स्वतःचं असेल तर ज्या खात्यानं उबुंटू बसवलं त्या खात्यातून ‘सुडो यूजरमॉड हायफन ए कॅपिटल जी सुडो’ आणि पुढे तुमचं युजरनेम. यातला छोटा ए विसरू नका. तो राहिला तर तुम्ही बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर पडता. मग लॉगआउट करून परत लॉगिन करा, त्याशिवाय नवा गट लागू होत नाही. फेडोरावर गटाचं नाव ‘व्हील’ आहे.

मशीन लॅबचं असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

लॅबच्या मशीनवर सुडो मिळत नाही. मग कम्पायलर बसवायचाच नाही का?

बसवायचा, पण आपल्या जागेत. होम फोल्डर तुमच्या नावावर आहे, तिथे तुम्हाला कुणाला विचारायची गरज नाही.

जीसीसी ही १९८७ पासूनची वस्तू आहे आणि आजही तिचा सोर्स घेऊन स्वतः बांधता येतो. सोर्स उलगडा, त्यातली ‘कॉन्ट्रिब’ फोल्डरमधली ‘डाउनलोड अंडरस्कोर प्रीरिक्विझिट्स’ ही स्क्रिप्ट चालवा, म्हणजे जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन लायब्ररी आपोआप येतात. सोर्सच्या बाहेर एक वेगळं रिकामं फोल्डर करा आणि तिथून कॉन्फिगर (बांधकामाची तयारी करणारी स्क्रिप्ट) चालवताना ‘हायफन हायफन प्रीफिक्स’ला होममधला पत्ता द्या. हा प्रीफिक्स दिला नाही तर मेक इन्स्टॉल (बांधलेलं जागेवर नेऊन ठेवणारी आज्ञा) सरळ स्लॅश यूएसआर स्लॅश लोकलकडे जातं आणि तिथे अडतं. तास-दोन तास बांधकाम चालतं आणि मग शेवटच्या मिनिटाला परमिशन डिनाइड येतं. पोरांचे चेहरे बघवत नाहीत. ‘डिसेबल-मल्टिलिब’ हा पर्यायही द्या, नाहीतर ३२-बिटच्या हेडर फाइली नाहीत म्हणून वेगळीच अडचण उभी राहते.

बांधून झालं की होममधल्या ‘डॉट बॅशआरसी’ फाइलमध्ये पाथच्या (टर्मिनल आज्ञा शोधतं त्या फोल्डरांच्या यादीच्या) सुरुवातीला नव्या ‘बिन’ फोल्डरचा पत्ता जोडा. टर्मिनल बंद करून उघडा आणि ‘विच जीसीसी’ विचारा. तुमच्या होमचा पत्ता आला की झालं.

एक मात्र मनापासून सांगतो: हे करण्याआधी ‘जीसीसी हायफन हायफन व्हर्जन’ टाइप करून बघा. पुष्कळदा लॅबमध्ये कम्पायलर आधीच बसवलेला असतो आणि पहिल्या वर्षाच्या कामाला तो पुरतो. सोर्समधून जीसीसी बांधणं हा चांगला अभ्यास आहे, पण उद्याच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री तो करू नका.

मी सगळंच सुडो लावून केलं. आता सुडोशिवाय काही हालत नाही.

मेकसुद्धा सुडोनं चालवलंत ना? मग त्यातून तयार झालेल्या सगळ्या फाइली रूटच्या नावावर चढल्या. फोल्डर तुमचं, आतलं पीक दुसऱ्याच्या नावावर. पुढच्या वेळी साध्या मेकला त्या फाइलींवर लिहिता येत नाही, म्हणून तुम्ही परत सुडो लावता, आणि गुंता वाढत जातो.

सोडवणूक सोपी आहे. ‘सुडो सीएचओन हायफन कॅपिटल आर’, मग तुमचं युजरनेम, मग त्या बांधकामाच्या फोल्डरचं नाव. फेरफार झाला, फाइली तुमच्या नावावर आल्या. मात्र हे फक्त होममधल्या फोल्डरवर करायचं. स्लॅश यूएसआर तुमच्या नावावर करायला गेलात तर पुढच्या उत्तरातलं संकट ओढवतं.

कॉन्फिगर आणि मेक आपल्या नावानं, आणि सिस्टीमच्या जागेत ठेवायचं असेल तरच मेक इन्स्टॉल तेवढं सुडोनं, हा क्रम हाताला लावून घ्या. रस्ट शिकणाऱ्यांसाठी: रस्टअप (रस्ट बसवून देणारा प्रोग्रॅम) सगळं तुमच्या होममधल्या ‘डॉट कार्गो’ आणि ‘डॉट रस्टअप’ या फोल्डरांत ठेवतं, त्याला सुडो लागतच नाही. लावलंत तर हीच अडचण तिथेही येईल.

मित्र म्हणाला, सीएचमॉड ७७७ मार, विषय संपला.

विषय नाही, मशीन संपतं. हे उत्तर सावकाश वाचा.

सीएचमॉड म्हणजे हक्क बदलायची आज्ञा, आणि ७७७ म्हणजे मालक, गट आणि बाकी सगळे, तिघांनाही वाचायचा, लिहायचा आणि चालवायचा हक्क. सगळे बांध मोडून शिवार एक करण्यासारखं आहे ते. एका वर्षी परीक्षेच्या आठवड्यात एका मुलीनं कुणाच्या तरी सांगण्यावरून पूर्ण स्लॅश यूएसआरवर ‘हायफन कॅपिटल आर’ लावून ही आज्ञा चालवली. कम्पायलर बसला की नाही हे तपासायला सुडो टाइप केलं, तर सुडोच बंद. त्याचं कारण असं की सुडो या प्रोग्रॅमवर सेटयूआयडी नावाची एक खास खूण असते. ती खूण आहे म्हणून तुम्ही चालवलं तरी तो रूटच्या अधिकारात चालतो. ७७७ असा आकडा दिला की फाइलींवरची ती खूण पुसली जाते. आता हक्क परत द्यायला रूट व्हावं लागतं आणि रूट व्हायचा दरवाजा तर मोडलेला. रिकव्हरी मोडमधून एकेक खूण परत लावणं शक्य असतं, पण आणखी कुठल्या प्रोग्रॅमांच्या खुणा गेल्या हे शोधत बसण्यापेक्षा आम्ही तिचा डेटा काढून घेतला आणि उबुंटू नव्यानं बसवलं. तिची रात्र गेली. तिची चूक एवढीच होती की तिनं विश्वास ठेवला.

स्लॅश ईटीसीवर हे केलं तरी तोच प्रकार. सुडोअर्स फाइल सगळ्यांना लिहिता येतेय असं दिसलं की सुडो चालायला नकार देतो. होमवर केलं तर एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लॉगिन व्हायचा प्रोग्रॅम) तुमची खासगी की वापरत नाही, कारण ती सगळ्यांना उघडी दिसते. हे प्रोग्रॅम मुद्दाम तसे लिहिलेत, आणि बरोबरच लिहिलेत.

जीसीसी बसला, पण स्लॅश टीएमपीमध्ये तात्पुरती फाइल करता येत नाही म्हणतो.

कम्पायलर मधल्या टप्प्यांच्या फाइली तिथे ठेवतो. ‘एलएस हायफन एलडी स्लॅश टीएमपी’ केल्यावर हक्कांच्या शेवटी टी हे अक्षर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ‘सुडो सीएचमॉड १७७७ स्लॅश टीएमपी’. ही एक जागा खरोखरच सगळ्यांची आहे, आणि पुढचा १ म्हणजे आपली फाइल आपणच पुसायची, दुसऱ्याची नाही. यात्रेतल्या धर्मशाळेसारखं: जागा सगळ्यांची, गाठोडं ज्याचं त्याचं. सुडो नसेल तर टीएमपीडीआयआर (हे नाव मात्र कॅपिटल अक्षरांत) या व्हेरिएबलला होममधल्या फोल्डरचा पत्ता द्या.

पेनड्राइव्हवर प्रोग्रॅम कम्पाइल होतो, पण चालवला की परमिशन डिनाइड. सीएचमॉड करूनही फरक नाही.

पेनड्राइव्ह बहुतेक फॅट३२ किंवा एक्सफॅट असतो, आणि त्या पद्धतीत मालक, गट, एक्स असले रकानेच नाहीत. नोंदवहीत रकानाच नसेल तर तलाठी लिहिणार कुठे? लिनक्स स्वतःच्या मनानं सगळ्या फाइलींना एकसारखे हक्क दाखवतं, आणि उबुंटूवर फॅटचा पेनड्राइव्ह आपोआप जोडला गेला की त्यात साधारणपणे चालवायचा हक्क नसतो. कम्पायलरची टारफाइल (अनेक फाइलींचं एकत्र गाठोडं) तिथे उलगडली तर सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी फाइल) करता येत नाही म्हणून ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येतं, ते याच कारणानं.

प्रोग्रॅम होममध्ये कॉपी करा, तिथे कम्पाइल करा, आणि घरी जाताना फक्त सोर्स फाइल पेनड्राइव्हवर घ्या.

डॉट स्लॅश कॉन्फिगर चालवलं की लगेच परमिशन डिनाइड.

फाइल पेनड्राइव्हवरून किंवा विंडोजमधल्या झिपमधून आलीय, वाटेत एक्स गळला. ‘सीएचमॉड प्लस एक्स कॉन्फिगर’.

‘रीड-ओन्ली’ म्हणतंय आणि सुडोनंही ऐकत नाही.

दोन शक्यता. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील आणि तुम्ही विंडोजच्या ड्राइव्हवर लिहायला बघत असाल, तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की शटडाउन करूनही विंडोज पूर्ण झोपत नाही, ड्राइव्ह अर्धा उघडा ठेवतं, आणि लिनक्स शहाणपणानं त्याला हात लावत नाही.

दुसरी शक्यता गंभीर आहे. लिनक्सच्याच ड्राइव्हवर लिहिताना चूक सापडली की सिस्टीम नुकसान वाढू नये म्हणून तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता करते. पावसाळ्यात लाइट ये-जा करते तेव्हा बॅटरी गेलेल्या जुन्या लॅपटॉपांवर हे मी पुष्कळदा पाहिलंय. ‘सुडो डीमेसेज’मध्ये (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी) डिस्कच्या चुका दिसत असतील तर कम्पायलर बाजूला ठेवा आणि आधी प्रोजेक्टची, फोटोंची कॉपी काढा. डिस्क मरायला टेकलेली असू शकते.

विंडोजवर मिंगडब्ल्यू प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसवला, ‘ऍक्सेस इज डिनाइड’ येतं.

मिंगडब्ल्यू म्हणजे विंडोजवर चालणारा जीसीसी. तो तिथे बसवू नका. २००७ मध्ये व्हिस्टा आल्यापासून ॲडमिनचं खातं असलं तरी प्रोग्रॅम साध्या अधिकारातच चालतात आणि प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला वेगळी संमती लागते. शिवाय त्या नावात मध्ये जागा आहे, जुन्या मेकफाइलींना ती चालत नाही. एमएसवायएस२ (मिंगडब्ल्यू बसवायचा एक मार्ग) स्वतःहून सी ड्राइव्हवर एमएसवायएस६४ असं साधं फोल्डर सुचवतो, ते तसंच ठेवा. फोल्डरचं नाव मराठीत ठेवायचा मोह होतो, मलाही आपली लिपी प्रिय आहे, पण कम्पायलरच्या पत्त्यात ती अजून अडचणीची ठरते.

घरचा कम्प्युटर बाबांच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपचा. ॲडमिन पासवर्ड हिशेब लिहिणाऱ्या काकांकडे.

काकांकडे पासवर्ड मागू नका, त्या मशीनवर बिलं आणि हिशेब आहेत. मिंगडब्ल्यूची झिप मिळते ती घ्या, इन्स्टॉलर नको. तुमच्या खात्यातल्या फोल्डरमध्ये ती उलगडा. मग स्टार्टमध्ये शोधून ‘एडिट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स फॉर युअर अकाउंट’ उघडा आणि पाथमध्ये त्यातल्या बिन फोल्डरचा पत्ता जोडा. यात ‘फॉर युअर अकाउंट’ हे शब्द महत्त्वाचे. त्याला ॲडमिन लागत नाही, आणि काकांच्या खात्यात काही बदलतही नाही.

काल चालत होतं. आज ए डॉट ईएक्सई उघडता येत नाही, परमिशन डिनाइड.

कालचा प्रोग्रॅम अजून चालू आहे. त्याची काळी खिडकी मागे कुठेतरी इनपुटची वाट बघत असेल, आणि चालू असलेल्या फाइलीवर विंडोज लिहू देत नाही. खिडकी बंद करा, नसेल दिसत तर टास्क मॅनेजरमधून संपवा. तरीही येत असेल तर अँटिव्हायरस नव्या ईएक्सई फाइली तपासायला धरून ठेवतोय का बघा. डॉक्युमेंट्समध्ये काम करत असाल तर विंडोज सिक्युरिटीतलं ‘कंट्रोल्ड फोल्डर ऍक्सेस’ चालू आहे का तेही बघा. ते अनोळखी प्रोग्रॅमला तिथे लिहू देत नाही. ही संरक्षणं बंद करण्यापेक्षा कोडसाठी डॉक्युमेंट्सच्या बाहेर एक वेगळं फोल्डर करा, आणि लागलंच तर तेवढ्याच फोल्डरला अँटिव्हायरसमधून वगळा.

मॅकवर काय करायचं?

टर्मिनलमध्ये ‘एक्सकोड-सिलेक्ट हायफन हायफन इन्स्टॉल’. त्यानं क्लँग हा सीचा कम्पायलर येतो, पहिल्या वर्षाला पुरेसा आहे. होमब्रू (मॅकवर पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) सुडोनं चालवू नका, तो स्वतःच नकार देतो. स्लॅश यूएसआर स्लॅश बिनमध्ये काही टाकायचा प्रयत्न सोडून द्या. २०१५ पासून ॲपलनं ती जागा रूटलासुद्धा बंद केली आहे.

सगळं करून बघितलं. तुमच्याकडे येताना काय घेऊन येऊ?

मोबाइलवर काढलेला अर्ध्या पडद्याचा फोटो नको. आज्ञेच्या शेवटी ‘२ ग्रेटर-दॅन अँपरसँड १’, मग उभी रेघ, मग ‘टी लॉग डॉट टीएक्सटी’ जोडा, म्हणजे सगळं बोलणं फाइलीत उतरतं. त्यातली टी म्हणजे टी-ई-ई अशी आज्ञा आहे. त्याबरोबर ‘आयडी’ या आज्ञेचं उत्तर, अडलेल्या पत्त्यावरचं ‘नेमआय हायफन एल’ आणि ‘डीएफ हायफन एच’. शक्य असेल तर लॅपटॉपच घेऊन या, चार्जरसकट. दुपारी चारनंतर मी लॅबमध्येच असतो, आणि मशीन बिघडवलंत म्हणून रागावणार नाही. आधी काय काय टाइप केलं ते मात्र खरं सांगा, ७७७ मारला असेल तर तेही.